नवरा काय करतो?

1994 च्या आषाढात, निपाणीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या न्हाणीत, मांडीला साबण लावताना बोटाला काहीतरी लागलं. जांघेच्या अगदी कडेला, मोहरीएवढं. चिमटीत धरून बघितलं तर दुखलं नाही. नागपंचमी तोंडावर आली होती, माहेरी जायची गडबड होती, त्यात मी ते विसरून गेले. पंधरा दिवसांनी तिथे तीन झाले होते. पहिला आता ज्वारीच्या दाण्याएवढा होता. वरून गुळगुळीत, मोत्यासारखा, आणि मधोमध सुईचं टोक टेकवल्यासारखी खळी.

मी तेवीस वर्षांची होते. पदरात पावणेदोन वर्षांचा मुलगा. आमचे हे पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रक चालवायचे, आठ-आठ दिवस घराबाहेर असायचे. हे वाचून तुमच्या मनात जे आलं तेच त्या दिवशी माझ्या मनात आलं. शेजारणीला कळलं असतं तर तिच्याही मनात तेच आलं असतं. म्हणूनच मी कुणाला कळू दिलं नाही.

माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि संध्याकाळी विड्या वळायची. तिच्या सुपाशेजारी चुन्याची डबी असे. अंगावर गळू उठलं की गूळ-चुना लावायचा, ही तिची रीत. मी माहेरी गेले ती रात्री सगळे निजल्यावर त्या डबीतला चुना घेऊन न्हाणीत बसले. सकाळपर्यंत कातडी सोलून निघाली. तीन दाण्यांच्या जागी आता ओली लाल जखम होती, आणि ती जखम बघून तर माझी खात्रीच झाली. गावात भिंतीवर सरकारी चित्रं लागली होती, कवटीची. एड्स म्हणजे मरण, एवढंच त्यातून कळायचं.

आमच्या सीमाभागात एक सोय आहे. लाजेचं दुखणं असलं की माणसं दुसऱ्या मुलखातला डॉक्टर गाठतात. कागलचे लोक निपाणीला येतात, निपाणीचे लोक कोगनोळीची दूधगंगा ओलांडून पलीकडे जातात. मीही कापड घ्यायच्या निमित्ताने दुसऱ्या गावी गेले. दवाखान्यात खुर्चीवर टेकले आणि कसंबसं म्हटलं, "खाली पुळ्या झाल्यात." डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "नवरा काय करतो?"

"ड्रायव्हर."

त्यांनी हं केलं आणि लिहायला घेतलं. पाच इंजेक्शनं, दोन प्रकारच्या गोळ्या, रक्ताची तपासणी. मला झोपायला सांगितलं नाही, पडदा ओढला नाही, दिवा लावला नाही. जे दाखवायला मी तीस रुपये खर्चून आणि सासूबाईंशी खोटं बोलून गेले होते, ते कुणी बघितलंच नाही. रक्ताच्या कागदावर व्हीडीआरएल अशी चार अक्षरं होती आणि पुढे 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह'. त्याचा अर्थ रोग आहे की नाही, हेही मला कुणी सांगितलं नाही. 'रिअ‍ॅक्शन' म्हणजे काहीतरी वाईट, एवढंच मला ठाऊक होतं.

चार महिने मी यांच्याशी धड बोलले नाही. ते घरी आले की मी मुलाला घेऊन सासूबाईंच्या खोलीत निजायची. त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही, आणि न विचारण्याचाही मी एकच अर्थ लावला.

दिवाळीनंतर बेळगावच्या मावसबहिणीकडे गेले. रात्री तिच्या न्हाणीत मी रडताना तिनं ऐकलं. तिनं दुसऱ्या दिवशी ओढून एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई कन्नड बोलणाऱ्या, मराठी मोडकंतोडकं. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "नाचकोब्याड्री, तोरस्री." लाजू नका, दाखवा. पडदा ओढला, टेबलाचा दिवा खाली वाकवला, भिंग घेतलं. दोन मिनिटं गेली असतील. मग विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

मुलगा बाहेर मावसबहिणीच्या कडेवर होता. बाईंनी त्याचा सदरा वर केला. काखेत आणि छातीच्या बाजूला सात मोती. प्रत्येकाच्या मध्ये खळी. मी त्याला रोज न्हाऊ घालत होते, त्याचं अंग पुसलेल्या पंचानंच माझं अंग पुसत होते, आणि घामोळं म्हणून ते सात दाणे मी बघूनही बघितले नव्हते.

या दुखण्याचं नाव मोलस्कम कंटाजिओसम. त्याचा विषाणू देवीच्या विषाणूचा लांबचा नातलग आहे. बाई हे सांगताना माझ्या दंडावरच्या देवीच्या लशीच्या वणाला बोट लावत होत्या. बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ते माहीत आहे. तिथल्या संस्थेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून देवीची लस बनत असे. जगातून देवी गेल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं, पण तिचा हा गरीब भाऊबंद राहिला. तो कातडीच्या वरच्या थरातच राहतो, आत शिरत नाही. लहान मुलांना अंगाला अंग लागून, पंचातून, कपड्यातून होतो आणि बहुतेकांचा सहा महिने ते दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. मोठ्या माणसाला जांघेत किंवा गुप्तांगावर झाला तर तो शरीरसंबंधातून आलेला असण्याचा संभव जास्त, हे बाईंनी मला लपवलं नाही. पण तो दुसऱ्या वाटेनंही येतो, आणि माझ्या बाबतीत ती वाट बाहेर मावसबहिणीच्या कडेवर बसून बिस्किट खात होती. बाईंनी नव्यानं उठलेले दोन दाणे सुईनं टोचून आतला भिजल्या साबुदाण्यासारखा गर काढला आणि वर आयोडीन लावलं. मुलाला काही केलं नाही. त्याचे पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेले.

यांना मी काहीच सांगितलं नाही. आरोप मनातल्या मनात केला होता, तो मागे घ्यायचा तरी कसा?

2005 मध्ये मला एका सरकारी रुग्णालयात समुपदेशकाचं काम मिळालं. तेव्हा तपासणीच्या त्या खोलीला व्हीसीटीसी म्हणत, नंतर आयसीटीसी म्हणू लागले. एक टेबल, एक कपाट, निरोध दाखवायला एक लाकडी नमुना आणि दाराला हिरवा पडदा. 2022 पर्यंत मी तिथे होते. एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि नंतर माणसांशी बोलणं हे माझं काम. पण त्या पडद्याआड येणारी कितीतरी माणसं एचआयव्हीसाठी आलेलीच नसत. ती एक पुळी घेऊन आलेली असत.

ही भीती आमच्याकडे इतकी दाट का, हे मला त्या खोलीत बसून कळलं. निपाणी तंबाखूची पेठ, हमरस्त्यावरचं गाव, रात्रभर ट्रक. सौंदत्ती याच जिल्ह्यात, देवीला मुली सोडण्याची प्रथा जुनी. कर्नाटकानं 1982 मध्ये देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा केला. निपाणीत प्रा. सुभाष जोशींनी विडी कामगार बायकांना आणि देवदासींना संघटित केलं. माझी आई त्यांच्या मोर्चांना जायची. पुढे सांगलीच्या 'संग्राम' आणि 'व्हॅम्प' या संस्थांनी धंद्यातल्या बायकांनाच आरोग्याच्या कामाला लावलं, ते काम निपाणीपर्यंत आलं. त्या बायकांना इथे काय सोसावं लागलं हे ह्यूमन राइट्स वॉचच्या जुलै 2002 च्या अहवालात नोंदलं आहे. 2003 नंतर एचआयव्ही रोखण्यासाठीचा 'आवाहन' प्रकल्प बेळगाव जिल्ह्यात आला. एवढं सगळं इथे घडलं, त्यामुळे रोगाची नावं सगळ्यांच्या कानावर होती. त्याचं रूप मात्र फार थोड्यांनी बघितलं होतं. ज्यांनी बघितलं होतं त्या धंद्यातल्या बायका. दुखरा फोड, न दुखणारी जखम, फुलकोबीसारखी वाढ, हे त्या दारातूनच ओळखून एकमेकींना दवाखान्यात घेऊन येत. सांगताना त्यांचा आवाज खाली जात नसे. मी त्यांच्याकडून शिकले, हे मला लिहायचंच होतं.

आणखी एक गोष्ट इथल्या मातीत आहे. सौंदत्तीच्या यल्लमाची, म्हणजे रेणुकेची कथा मी आईच्या मांडीवर ऐकली. नदीवर तिचं मन क्षणभर विचलित झालं, जमदग्नीला संशय आला, त्याच्या शापानं तिच्या अंगावर रोग फुटला. एकय्या आणि जोगय्या या दोघांनी तिला उपाय सांगितला आणि जोगनभावीच्या पाण्यानं तिचं अंग पुन्हा निर्मळ झालं. आजही लोक आधी जोगनभावीला न्हातात, मग डोंगरावर जातात. त्या कथेत संशय आधी येतो आणि कातडी त्याची साक्ष देते. मी देवीची भक्त आहे. तरी माझ्या खोलीत बसून अंगावर उठलेल्याचा अर्थ चारित्र्यावर लावणारी माणसं बघितली की मला ती कथा आठवायची, आणि मला कायम रेणुकेच्या बाजूनंच बोलावंसं वाटायचं.

एका पोराचं सांगते. वीस वर्षांचा, बेळगावच्या मराठा सेंटरला भरतीची तयारी करणारा. पहाटे चारला उठून तवंदी घाट धावत चढायचा. लेखी परीक्षेचं त्याला काही वाटत नव्हतं, मेडिकलची धास्ती होती. तिथे कपडे काढून उभं राहावं लागतं. लिंगाच्या टोकाच्या कडेभोवती त्याला बारीक पांढुरक्या दाण्यांची ओळ दिसली होती. (लिंग हा शब्द सरळ उच्चारायला मला नोकरीत वर्ष लागलं. आता अडत नाही.) त्या पोराचा कुणाशीही कधी संबंध आला नव्हता, तरी त्याला वाटत होतं की हा गुप्तरोगच. त्यानं मेडिकल दुकानातून चामखिळीचं औषध आणून लावलं. त्यात आम्ल असतं. माझ्या चुन्यानं जे केलं तेच त्या आम्लानं केलं.

आमच्या डॉक्टरांनी जखम भरू दिली आणि मग त्याला आरशात दाखवलं. दाणे सगळे एकसारखे, एका ओळीत, कडेला धरून. याला मोत्यासारखे दाणे असंच नाव आहे, कितीतरी तरुणांना ते असतात, तो देहाच्या घडणीचाच भाग. त्याला औषध लागत नाही आणि ते दाणे एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. असेच दुसरे पिवळसर कण असतात, ओठाच्या कडेला, लिंगावर, बायकांच्या योनीच्या ओठांवर. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, केसाशिवाय उघड्यावर आलेल्या. 1896 मध्ये फोर्डाइस नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना फोर्डाइसचे ठिपके म्हणतात. बहुतेक मोठ्या माणसांना ते कुठे ना कुठे असतात. पोरगा ऐकून घेत होता आणि रडत होता. "अक्का, मी दोन वर्षं हे डोक्यात घेऊन पळतोय," म्हणाला.

ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली होती, नवऱ्याला शिव्या देतच. त्याच्या अंडकोशावर टणक, लालसर, खाजऱ्या गाठी होत्या, आता तिलाही खालीवर खाज. तिच्या पाठीवरच्या बाळाच्या तळहातावर फोड होते. रात्री पांघरुणात गेलं की सगळ्यांची खाज वाढायची. खरूज. किडा कातडीत बीळ करतो, आणि पुरुषांच्या त्या जागी त्याच्या अशा गाठी होतात की बघणाऱ्याचा गैरसमज व्हावा. शरीरसंबंधातून ती पसरतेच, पण एका खोपटात एका गोधडीत सहाजण निजले तरी पसरते. परमेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, बाळाच्या डोक्यालाही, आणि आठवड्यानं पुन्हा. कपडे-गोधड्या गरम पाण्यात. किडा मेल्यावरही गाठी काही आठवडे खाजत राहतात, हे आधी सांगितलं नाही तर माणसं औषध खोटं म्हणून दुसऱ्या दुकानात जातात.

तिथेच मोठा घोटाळा होतो. दुकानातून विचारून आणलेली ट्यूब. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. मग नायटा जांघेतून पोटावर चढतो, कातडी कागदासारखी पातळ होते, आणि जे आधी ओळखता आलं असतं ते डॉक्टरांनाही ओळखेनासं होतं. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकू नयेत यासाठी केंद्र सरकारनं 2018 मध्ये नियम कडक केले. तरी माझ्या खोलीत येणाऱ्यांच्या खिशात ती ट्यूब असायचीच.

ब्लेडनं किंवा मलमानं केस काढल्यावर उठणारा केसतोड, त्वचेखालच्या चरबीसारख्या गाठी, अंडकोशावरचे पिवळट गोळे, ही सगळी मंडळी तर रोजची. त्यांच्यावर मी जास्त लिहीत नाही.

पण ज्याची भीती वाटायला हवी होती आणि वाटली नाही, असा एक गृहस्थ मला विसरता येत नाही. दुकानदार, चाळिशीच्या आतला. तो स्वतःसाठी आलाच नव्हता. त्याची बायको चार महिन्यांची गरोदर होती, गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत तिची सिफिलिसची चाचणी, व्हीडीआरएल, रिअ‍ॅक्टिव्ह आली. आधी एकदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. व्हीडीआरएल कधीकधी दुसऱ्या कारणानंही रिअ‍ॅक्टिव्ह येते, गरोदरपणातही येऊ शकते, म्हणून टीपीएचए ही दुसरी चाचणी केली. तीही तशीच. मग नवऱ्याला बोलावलं. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "एक जखम झाली होती मॅडम. पण दुखत नव्हती. आपोआप बरी झाली."

सिफिलिसची ही खोड आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, पण कधी नऊ दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी, एक टणक कडांची जखम होते. बहुधा एकच. दुखत नाही, खाजत नाही. तीन ते सहा आठवड्यांत काही न करता भरून येते. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. जंतू रक्तात गेलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायांवरसुद्धा, तेही खाजत नाही, तेही जातं. पुढे वर्षानुवर्षं शांत, आणि कधीतरी हृदय, मेंदू, डोळे. आईकडून पोटातल्या बाळाला. आमच्याकडे जुनी माणसं याला गरमी म्हणतात. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाशा'त त्याला फिरंग रोग म्हटलं, कारण तो फिरंग्यांबरोबर आला असं मानलं गेलं. युरोपात इटलीचे लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. माझ्या खोलीत नदीपलीकडचा माणूस निपाणीला दोष देई, आणि निपाणीचा मुंबईला.

आणि इतक्या जुन्या, इतक्या खोल रोगाला आजही पेनिसिलिनच पुरतं. लवकर सापडला तर बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिट एकदाच, जुना असेल तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. त्या बाईला आणि नवऱ्याला दोघांनाही दिलं. बाळ वेळेवर, धडधाकट जन्मलं. बारशाचा पेढा माझ्या टेबलावर ठेवताना त्या बाईनं मला एवढंच विचारलं, "आधीचं पण वाचलं असतं का?" मी खोटं बोलले नाही, हो म्हणाले. नंतर पडदा ओढून बसून राहिले.

म्हणून मी कुणाला 'काही नसतं, जाईल आपोआप' असं सांगत नाही. न दुखणारी उघडी जखम दिसली तर त्याच आठवड्यात दाखवायची, आणि रक्ताची पहिली तपासणी फार लवकर झाली असेल तर ती पुन्हा करायची. पाण्यानं भरलेल्या, झोंबणाऱ्या बारीक फोडांचा झुबका हर्पिसचा असू शकतो. तो पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. फुलकोबीसारखे मऊ कोंब म्हणजे बहुधा एचपीव्ही या विषाणूचे चामखीळ. ते संबंधानंतर काही आठवड्यांनी ते काही महिन्यांनी उगवतात, त्यामुळे 'परवाच्याच भेटीतून आलं' हा हिशोब चुकतो. त्यातले बहुतेक एचपीव्ही 6 आणि 11 या प्रकारांनी होतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रामुख्यानं 16 आणि 18 या प्रकारांनी होतो. चामखीळ म्हणजे कर्करोग, असं समजून रात्र जागवलेल्या बायका मी बघितल्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस या चारही प्रकारांवर आहे. जांघेत अवधाण येणं, लघवीच्या जागेतून पू, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, वाढत जाणारी किंवा रक्त येणारी गाठ, यांतलं काहीही असलं तर सणवार बघत थांबू नये.

एचआयव्हीची पुळी अशी काही नसते. त्याची शंका असेल तर रक्त तपासायचं. धोका घडून 72 तास झाले नसतील तर बचावाची औषधं मिळतात, तेव्हा मात्र तास मोजायचे. साध्या रॅपिड चाचणीनं निर्धास्त होण्यासाठी तीन महिने थांबावं लागतं. 2017 च्या कायद्यानं ही तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. जिल्हा आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे लक्षणांप्रमाणे रंगांच्या पिशव्यांतून औषध मोफत मिळतं. जखमेची पांढरी, हर्पिसची लाल, स्रावाची राखाडी. वयात आलेल्या मुलामुलींसाठी कर्नाटकात 'स्नेहा क्लिनिक' आहे, महाराष्ट्रात 'मैत्री'. 1097 हा नंबर फुकट लागतो, नाव विचारत नाहीत.

खासगीत जायचं तर पाटी वाचून पाय मागे येतात, हे मी ओळखून आहे. 'त्वचा, कुष्ठ व गुप्तरोग तज्ज्ञ.' बेळगावात तीच पाटी कन्नडमध्येही असते आणि तिथेही शब्द गुप्तरोगच. आपल्या देशात या तिन्हींचं शिक्षण एकाच पदवीत आहे, म्हणून पाटी तशी. मुरुमं दाखवायला गेलेली कॉलेजची मुलगीही त्याच दारातून आत जाते. 'गुप्त' हा शब्द मला मनापासून नकोसा आहे. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून या विषयावर मराठीत स्वच्छ लिहीत होते, त्यापायी कोर्टाची पायरी चढले, 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. भाषा तेव्हाच मोकळी झाली होती. आपण पुन्हा दार लावून घेतलं आणि त्या दाराशी लॉजवरचे वैदू येऊन बसले. 'दर महिन्याच्या अमुक तारखेला तमुक लॉज, खोली नंबर इतका, गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज.' अशा जाहिरातींवर 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. स्टँडच्या मुताऱ्यांत त्या अजून चिकटवलेल्या असतात.

गेल्या वर्षी पुण्याहून सुनेनं नातीच्या हाताचा फोटो पाठवला. 'आई, हे काय उठलंय, कुणाला दाखवू?' कोपराच्या वळीत पाच मोती, मधोमध खळी. मी हसले. हे शेजारी चहा पीत होते. चष्मा चढवून फोन जवळ घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे मला झालं होतं," म्हणाले. "बेंबीच्या खाली. पोरगा लहान होता तेव्हा."

मी कप खाली ठेवला. मग तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. वाटेतल्या एका गावी लॉजवरच्या माणसाकडे ते गेले होते. मालकाकडून अठराशे रुपये उचल घेतली, एक काळपट पाक आणि भुकटी आणली, ट्रकच्या सीटखाली ठेवून दोन महिने खाल्ली. घरात आणली नाही. मी सासूबाईंच्या खोलीत निजायला लागले, तेव्हा त्यांना वाटलं मला कळलं.

"त्या माणसानं बघितलं तरी का?" मी विचारलं.

"नाही. पहिलंच विचारलं, तू आठ दिवस बाहेर, बायको घरी एकटीच असते का?"

"मग?"

"मग काय. पैसे दिले आणि खाली उतरलो."

नात तिकडे फोनवर आजी-आजी करत होती. सुनेला मी म्हटलं, तिचा टॉवेल वेगळा ठेव, आणि तुम्हा दोघांच्या अंगावर काही उठलंय का ते एकमेकांना दाखवा.